हेडर बदलली, पण पावती जुनीच! साध्या शेल स्क्रिप्टमध्ये डिपेन्डन्सी आपोआप कशा धरायच्या?

काटा_आणि_कोड

नमस्कार मंडळी,

मी शिरोळ तालुक्यातली. गेली सहा वर्षं वाहनांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर सांभाळते. काट्याच्या इंडिकेटरमधून सीरियल केबलवर वजन येतं, आमचा प्रोग्रॅम ते वाचतो, आधी भरलेल्या गाडीचं आणि ऊस खाली झाल्यावर रिकाम्या गाडीचं वजन नोंदवतो आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पावती काढतो. सगळं सीमध्ये आहे. ४३ .सी फाइली, ५७ हेडर (अनेक .सी फाइलींत ओढल्या जाणाऱ्या समाईक व्याख्यांच्या फाइली), आणि शिवाय नोंदी ठेवायला एसक्यूलाइट हा डेटाबेस.

गेल्या आठवड्यात काय झालं ते सविस्तर सांगते, कारण प्रश्न त्यातूनच आलाय.

नोंद.एच या हेडरमध्ये एक स्ट्रक्चर आहे. त्यात सगळ्यात आधी वाहन क्रमांक, १२ अक्षरांचा अॅरे. मग भरलेलं वजन, मग रिकामं वजन, दोन्ही चार-चार बाइटचे पूर्णांक. आपल्या गाड्यांचा नंबर दहा अक्षरांचा, म्हणून १२ पुरत होते. यंदा कारखान्यानं सांगितलं की ट्रॅक्टरच्या नंबरापुढे ट्रॉलीची खूणही हवी, म्हणजे एकूण १३ अक्षरं. मी १२ चे १६ केले, स्क्रीनच्या फाइलमध्ये रकाना रुंद केला, बिल्ड स्क्रिप्ट चालवली. एकही एरर नाही, एकही वॉर्निंग नाही.

हंगामाआधीची चाचणी होती. नेहमीच्या नंबरची, दहाच अक्षरांची गाडी काट्यावर घेतली. स्क्रीनवर भरलेलं वजन २४,८६० किलो, रिकामं ६,९४०, निव्वळ १७,९२०. सगळं बरोबर. पावती बाहेर आली तर तिच्यावर भरलेलं वजन ०, रिकामं २४,८६० आणि निव्वळ उणे २४,८६०.

दीड दिवस मी पावती.सी वाचत बसले. त्या फाइलमध्ये चूक नव्हतीच. माझी स्क्रिप्ट फक्त एवढंच बघते की .सी फाइल तिच्या .ओ पेक्षा, म्हणजे कंपाइल होऊन निघालेल्या ऑब्जेक्ट फाइलीपेक्षा, नवी आहे का. नवी असेल तर कंपाइल, नसेल तर पुढे. स्क्रीनची .सी मी हाताळली होती म्हणून ती नव्यानं कंपाइल झाली. पावती.सी ला मी हातच लावला नव्हता, त्यामुळे पावती.ओ जुनीच राहिली. ती अजून भरलेलं वजन बाराव्या बाइटपासून वाचत होती. तिथे आता वाहन क्रमांकाची रिकामी शेपटी होती, म्हणून शून्य. रिकामं वजन ती सोळाव्या बाइटवर शोधत होती आणि तिथे भरलेलं वजन येऊन बसलं होतं.

ज्यांचा उसाशी संबंध आहे त्यांना सांगायला नको, काटामारीच्या संशयावरून आमच्या भागात किती रान पेटतं ते. माझ्या वडिलांचा ऊस याच पट्ट्यातल्या काट्यांवर जातो. उणे आकडा आला म्हणून माझ्या लक्षात तरी आलं. चुकीचा पण पटण्यासारखा आकडा आला असता तर तो एखाद्या शेतकऱ्याच्या बिलात गेला असता. म्हणून हे मला एकदाच आणि नीट मिटवायचं आहे.

अडचणी अशा. कधी कधी काट्याच्या केबिनमध्ये बसून तिथल्याच छोट्या पीसीवर बिल्ड करावी लागते. तिथे इंटरनेट नाही. लिनक्स, जीसीसी हा कंपायलर आणि नेहमीच्या कमांड आहेत, नवीन काही टाकायला परवानगी लागते. पूर्वी मेकफाइल (मेक या बिल्ड करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी नियमांची फाइल) होती, पण तिच्यात हेडरांची यादी हातानं लिहिलेली. नवी हेडर घातली की यादी शिळी व्हायची आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. मग कंटाळून मी स्क्रिप्ट लिहिली. सगळंच दरवेळी कंपाइल करावं म्हटलं तर त्या पीसीवर सव्वाचार मिनिटं जातात, त्यातली पावणेतीन एकट्या एसक्यूलाइटची. बाहेर गाड्यांची रांग असते.

तर, कुठली .सी कुठल्या हेडरवर अवलंबून आहे हे स्क्रिप्टला आपोआप कळावं, यादी मी लिहायला लागू नये, असं साध्या शेलमध्ये होईल का?

---

रात्रपाळी

ताई, आज रात्री लगेच काम भागवायचं असेल तर सगळ्यात सोपं हे करा. सगळ्या ५७ हेडरांपैकी एक जरी हेडर कुठल्याही .ओ पेक्षा नवी असेल तर तुमच्या ४३ फाइली सरसकट कंपाइल करा. त्यातून एसक्यूलाइटची फाइल वगळा, कारण ती तुमची कुठलीच हेडर घेत नाही. म्हणजे सव्वाचार मिनिटांऐवजी दीड मिनिट. स्क्रिप्टमध्ये चार ओळी वाढतील.

यात हुशारी काही नाही, पण जुनी .ओ मागे राहणार नाही. नीट उपाय होईपर्यंत एवढं तरी आजच घाला.

---

ओटीवरचा

रात्रपाळी यांनी सांगितलेलं आज रात्रीच करा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. मी नीट उपायाचं सांगतो. फोनवरून लिहितोय, कोड इथे धड उमटत नाही, म्हणून शब्दांत सांगतो.

तुमचा दीड दिवस गेला त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मेक हा प्रोग्रॅम जन्मालाच अशा एका वाया गेलेल्या सकाळीतून आला. १९७६ साली बेल लॅब्समध्ये याक हा पार्सर बनवणारा प्रोग्रॅम लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन तणतणत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. बग दुरुस्त केला होता, पण दुरुस्त केलेली फाइल कंपाइलच झाली नव्हती, आणि बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्यांची सकाळ गेली होती. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी त्याच खड्ड्यात पडले होते. त्यातून मेक आलं, आणि २००३ साली त्याबद्दल फेल्डमन यांना एसीएम या संगणकक्षेत्रातल्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. म्हणजे तुम्ही थोरामोठ्यांच्या रांगेत उभ्या आहात.

आता एरर का आली नाही ते. लिंकर, म्हणजे सगळ्या .ओ एकत्र जोडणारा प्रोग्रॅम, फक्त नावं जुळवतो. पावती छापणारं फंक्शन या नावाचं काहीतरी एका .ओ मध्ये हवंय आणि दुसऱ्यात आहे, एवढं त्याला पुरतं. दोघांच्या मनातलं स्ट्रक्चर सारखंच आहे का, हे सीचा लिंकर बघत नाही. एकीच्या लेखी नोंद २० बाइटची, दुसरीच्या लेखी २४ बाइटची, आणि तो दोघींना शांतपणे एकत्र बांधून देतो. त्यामुळे ही जबाबदारी पूर्णपणे बिल्डवर येते.

मुद्द्याची गोष्ट अशी की कुठली .सी कुठल्या हेडर घेते हे तुम्हाला शोधायचंच नाहीये. कंपायलरला ते माहीत असतं, कारण त्यानं त्या सगळ्या फाइली नुकत्याच उघडून वाचलेल्या असतात. पावती.सी मध्ये पावती.एच, तिच्यात नोंद.एच, तिच्यात आणखी काही, ही साखळी कितीही लांब असो. जीसीसीला -एमएमडी हा फ्लॅग द्या. कंपाइल करता करता तो शेजारी पावती.डी नावाची फाइल लिहून ठेवतो. तिच्यात एक ओळ असते: पावती.ओ, मग विसर्गासारखं चिन्ह म्हणजे कोलन, मग सिस्टिमच्या हेडर सोडून वाचलेल्या सगळ्या फाइलींची नावं. ओळ लांब झाली की शेवटी बॅकस्लॅश टाकून पुढच्या ओळीवर. ती फाइल एकदा उघडून बघाच.

इथे बरेच जण अडखळतात. त्यांना वाटतं, कंपाइल करायच्या आधी यादी हवी आणि यादी तर कंपाइल केल्यावर मिळते, मग सुरुवात कशी करणार? पण पहिल्या वेळी यादी लागतच नाही. .ओ नाही म्हणजे कंपाइल करायचंच आहे. यादी लागते ती दुसऱ्या वेळी, आणि तोपर्यंत ती तयार असते. मधे तुम्ही .सी मध्ये नवीन इन्क्लूड (हेडर आत ओढणारी ओळ) घातलंत तर? मग ती .सीच बदलली, तिचं नाव यादीत आहेच, ती कंपाइल होईल आणि यादीही नव्यानं लिहिली जाईल. हेडरमध्ये नवीन इन्क्लूड घातलंत तरी तसंच. यादी शिळी होण्याची वाट बंद होते. जुन्या काळी आधी डिपेन्डन्सी काढायची वेगळी पायरी असायची, ती चालवायला विसरलं की तुमच्या मेकफाइलसारखीच गत.

स्क्रिप्टमध्ये करायचं काय, तर प्रत्येक .सी साठी .ओ किंवा .डी नसेल तर कंपाइल. दोन्ही असतील तर .डी मधला कोलनपर्यंतचा भाग सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडनं उडवा, बॅकस्लॅश उडवा, उरलेल्या प्रत्येक नावासाठी बघा. ती फाइल अस्तित्वातच नाही, किंवा .ओ पेक्षा नवी आहे? कंपाइल. बस्स.

तुम्हाला नेटवर सगळीकडे -एमएमडी बरोबर -एमपी पण द्या असं सापडेल. तो मेकसाठी आहे. एखादी हेडर तुम्ही काढून टाकली की मेक म्हणतं ही फाइल बनवायचा नियमच नाही आणि थांबतं. ते टाळायला -एमपी प्रत्येक हेडरसाठी एक रिकामा नियम, म्हणजे नुसतं नाव आणि कोलन अशी ओळ, वाढवतो. तुमच्या स्क्रिप्टला त्याची गरज नाही, उलट त्या जादा ओळींनी तुमचं सेड गोंधळेल.

दोन पथ्यं पाळा. कंपाइल सरळ पावती.ओ मध्ये करू नका. पावती.ओ.नवी अशा नावानं करा (.डी चं नाव -एमएफ फ्लॅगनं सांगा, नाहीतर तेही बदलेल) आणि यशस्वी झालं तरच एमव्ही कमांडनं नाव बदलून जागेवर आणा. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. अर्धवट लिहिलेल्या .ओ ची वेळ सगळ्यात ताजी असते आणि स्क्रिप्ट तिला खरी मानते. दुसरं, फाइलींच्या आणि फोल्डरच्या नावात स्पेस ठेवू नका, नाहीतर यादी वाचणं विनाकारण अवघड होईल.

---

खडकवासला

ओटीवरचा काकांचं उत्तर सुंदर. माझा आक्षेप एकाच शब्दावर आहे: "नवी".

मीही शेतातल्या हवामान यंत्रांवर काम करतो. आमच्याकडे रास्पबेरी पायचं जुनं मॉडेल आहे, त्याच्यात घड्याळाची बॅटरी नाही. इंटरनेट नसेल तर बंद करून चालू केल्यावर ते मागच्या कुठल्यातरी वेळेवर उठतं. म्हणजे आज केलेला बदल कालच्या तारखेचा. मेक निदान अशा वेळी घड्याळ पुढेमागे आहे, बिल्ड अपुरी असू शकते असा इशारा देतं. आपली शेल स्क्रिप्ट गप्प बसते.

ताईंच्या केबिनमध्ये इंटरनेट नाही, म्हणजे कोड पेनड्राइव्हवरूनच जात असणार. तिथे दोन धोके आहेत. फॅट फाइल सिस्टिमवर फाइलच्या बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात ठेवली जाते. आणि याहून मोठा धोका असा: घरी मंगळवारी बदललेली हेडर तुम्ही गुरुवारी नेली, मूळ वेळ राखून कॉपी केली. केबिनमधली .ओ बुधवारची आहे. हेडर तिथे आजच पोचली, पण तारखेनं जुनी. स्क्रिप्ट म्हणेल काहीच नवं नाही. पुन्हा तीच पावती.

म्हणून मी वेळ बघणंच सोडून दिलं. मी मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, बघतो, आणि त्याला काही नवीन टाकावं लागत नाही. लिनक्सवर शा२५६सम असतंच. कंपाइल यशस्वी झालं की .डी मधली नावं एक्सआर्ग्सनं शा२५६समला द्यायची आणि निघालेला मजकूर पावती.सही या फाइलीत ठेवायचा. पुढच्या वेळी हीच फाइल शा२५६समला --चेक आणि --स्टेटस हे फ्लॅग लावून परत द्यायची. तो प्रत्येक फाइल स्वतः वाचतो, हॅश जुळवतो आणि काही न छापता फक्त हो किंवा नाही सांगतो. एखादी हेडर गायब असेल तरीही नाही. तुम्हाला लूप लिहावा लागत नाही, तारखांची तुलना लागत नाही. तपासणी एका ओळीत होते: सही जुळली तर पुढे, नाहीतर कंपाइल.

दोन्ही फाइली जागेवर आणताना क्रम महत्त्वाचा. आधी .ओ, मग .सही. मधेच वीज गेली तर नवी .ओ आणि जुनी सही राहील, सही जुळणार नाही, फार तर एकदा जास्तीचं कंपाइल होईल. उलट केलंत तर नवी सही जुन्या .ओ ची हमी देत बसेल.

आणखी एक. फक्त फाइली बदलतात असं नाही, फ्लॅगही बदलतात. ८० रकान्यांच्या प्रिंटरसाठी एक डिफाइन आणि १३२ साठी दुसरं असेल, तर फाइली त्याच, पण .ओ वेगळी हवी. मी जीसीसीची पूर्ण कमांड आणि जीसीसीची व्हर्जन एका आदेश.टीएक्सटी मध्ये लिहितो आणि तिचंही नाव प्रत्येक सहीत घालतो. लिनक्स कर्नलची बिल्डही प्रत्येक ऑब्जेक्टशेजारी त्याची कमांड एका .सीएमडी फाइलीत जपून ठेवते, ती याचसाठी.

---

काटा_आणि_कोड

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी दादा, तुमच्या चार ओळी त्याच रात्री घातल्या आणि झोप लागली.

शनिवारी बसून सहीवाली स्क्रिप्ट लिहिली. खडकवासला म्हणतात तसंच, पेनड्राइव्हवरूनच कोड नेते मी. मागच्या वर्षी एकदा "घरी चालतं, केबिनमध्ये चालत नाही" असं झालं होतं आणि मी सगळं पुसून पुन्हा बिल्ड केल्यावर ते चालू झालं होतं. तेव्हा कारण कळलं नव्हतं. आता वाटतं, हेच असणार.

पहिल्यांदा पावती.डी उघडली तेव्हा बघतच राहिले. मला वाटत होतं पावती.सी चार-पाच हेडर घेते. यादीत १९ नावं होती. मोडेमची हेडर पण! पावतीचा आणि मोडेमचा काय संबंध? पाच वर्षांपूर्वी कधीतरी एसएमएस पाठवायचं काम होतं, तेव्हा पावती.एच मध्ये एक इन्क्लूड घातलं गेलं आणि राहून गेलं. ते काढलं तर यादी १९ वरून ११ वर आली. मग सगळ्या .डी फाइलींमध्ये नोंद.एच किती ठिकाणी आहे ते ग्रेपनं मोजलं. ४३ पैकी ३४. आमच्या जुन्या मेकफाइलमध्ये ती फक्त नऊ फाइलींपुढे लिहिलेली होती. हा आकडा पाहून पोटात गोळा आला.

मग मुद्दाम तपासणी केली. नोंद.एच मध्ये १६ चे परत १२ केले: ३४ फाइली कंपाइल झाल्या. परत १६: पुन्हा ३४. हेडरची नुसती तारीख बदलली, मजकूर तोच: एकही नाही. हेडरची तारीख मुद्दाम दोन वर्षं मागे नेली आणि आत एक अक्षर बदललं: ३४. एसक्यूलाइट एकदाही हललं नाही. त्या एकट्या फाइलीत दोन लाखांहून जास्त ओळी आहेत, ती गप्प बसली की केबिनमधला अर्ध्याहून जास्त वेळ वाचतो. काही बदललं नसेल तर सगळी तपासणी त्या छोट्या पीसीवर दोन सेकंदांत संपते.

पण एक भोक राहिलंय. पावतीवर शेतकऱ्याचं नाव आणि गाव मराठीत छापतो. प्रिंटरला मराठी येत नाही, म्हणून अक्षरांची चित्रं पाठवतो. ती चित्रं एका पायथन स्क्रिप्टनं बीडीएफ (ठिपक्यांची अक्षरं असलेल्या) फॉन्टमधून काढून अक्षरतक्ता.एच ही हेडर तयार होते. काल मी फॉन्टमधला "ळ" सुधारला, कारण शिरोळचा ळ छापताना खालून तुटत होता. बिल्ड केली, सगळ्या सह्या जुळल्या, आणि ळ तुटलेलाच. जीसीसीला फॉन्टची फाइल माहीतच नाही ना! याचं काय करायचं?

---

ओटीवरचा

वा! १९ वरून ११ वाचून फार आनंद झाला. आपोआप निघालेली यादी माणसानं एकदा वाचली की कोडही सुधारतो.

खडकवासला यांचं हॅशचं म्हणणं मला पटलं. मी आयुष्यभर तारखांवर काम केलं, पण तुमच्या परिस्थितीत सहीच योग्य.

फॉन्टचं दुखणं स्वाभाविक आहे. -एमएमडी हे कंपायलरचं ज्ञान आहे, ते कंपायलरपुरतंच. पायथन स्क्रिप्ट काय काय वाचते हे तिलाही विचारावं लागेल. साधी वाट अशी की अक्षरतक्त्यालाही सही द्या. यादीत दोन नावं, पायथन स्क्रिप्ट आणि बीडीएफ. सही जुळली नाही तर तक्ता नव्यानं काढा. आणि हे .सी फाइलींच्या आधी व्हायला हवं, कारण अगदी पहिल्या बिल्डला तक्ता तयारच नसेल तर कंपाइल अडेल.

पण ती दोनच नावं आहेत हे तुम्ही आठवून सांगणार, म्हणजे पुन्हा हातानं लिहिलेली यादी. त्यापेक्षा ते स्ट्रेसला, म्हणजे प्रोग्रॅमनं केलेले सिस्टिम कॉल नोंदवणाऱ्या कमांडला, विचारा. तुमच्या घरच्या मशीनवर असेल. स्ट्रेसला मुलं-प्रोसेस धरायचा फ्लॅग द्या, फक्त फाइलींशी संबंधित कॉल लिहायला सांगा आणि त्याच्यामागे पायथनची कमांड. प्रोग्रॅमनं उघडलेली प्रत्येक फाइल लॉगमध्ये येते. कंपायलर असो, पायथन असो, काहीही असो. मेमोइझ आणि फॅब्रिकेट नावाची छोटी पायथन साधनं याच तत्त्वावर डिपेन्डन्सी काढायची. प्रत्येक बिल्डला लावलंत तर वेग मार खातो, पण कधीमधी खातरजमा करायला उत्तम.

लॉगमध्ये ईएनओईएनटी असलेल्या ओळीही दिसतील, म्हणजे शोधली पण सापडली नाही अशा फाइली. त्या दुर्लक्षित करू नका. समजा जीसीसी आधी स्थानिक फोल्डरमध्ये नोंद.एच शोधतो, सापडत नाही, मग समाईक फोल्डरमधली घेतो. उद्या कुणी स्थानिक फोल्डरमध्ये त्याच नावाची हेडर ठेवली तर? .डी मध्ये जुनाच पत्ता आहे, ती फाइल बदललेली नाही, सही जुळते, आणि बिल्ड चुकीची. म्हणजे नसलेल्या फाइलीवरही आपण अवलंबून असतो. डी. जे. बर्नस्टाइन यांनी मांडलेल्या रीडू या पद्धतीत यासाठी वेगळी कमांडच आहे: ही फाइल निर्माण झाली तर मला पुन्हा बनव. तुमच्या छोट्या प्रकल्पात एकाच नावाच्या दोन हेडर ठेवायच्याच नाहीत, एवढा नियम पुरेल. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सगळ्या हेडरांची नावं सॉर्ट करून दुहेरी नाव आढळलं तर थांबायला सांगा.

अजून एक फट आहे. कंपाइल चालू असताना तुम्ही एडिटरमध्ये हेडर सेव्ह केलीत, तर .ओ जुन्या मजकुराची आणि सही नव्या मजकुराची निघेल. ती चूक मग कायमची लपेल. कंपाइलच्या आधी एक रिकामी फाइल टच करून ठेवा, संपल्यावर यादीतली एखादी फाइल तिच्याहून नवी दिसली तर सही लिहू नका. इथे तारीख चालते, कारण दोन्ही वेळा त्याच मशीनच्या, काही सेकंदांच्या अंतरातल्या आहेत.

आणि बिल्ड कितीही चोख केली तरी पावतीच्या फंक्शनला नोंदीबरोबर तिचा साइझऑफ (बाइटमधला आकार) पण द्या. आत पहिल्याच ओळीत तो आपल्या साइझऑफशी ताडून बघा. परवा तसं असतं तर एक बाजू २४ म्हणाली असती, दुसरी २०, आणि कागद प्रिंटरमधून हललाच नसता. प्रश्न शेतकऱ्याच्या वजनाचा आहे, तिथे दोन कड्या असू द्याव्यात.

---

रात्रपाळी

साइझऑफवाली सूचना मी माझ्या कामातही उचलतोय. ताई, एक भर घालतो: दोन फील्डची अदलाबदल झाली तर आकार तोच राहतो आणि ही तपासणी चुकते. तुमच्याकडे भरलेलं आणि रिकामं वजन एकाच प्रकारचे शेजारी आहेत, तेव्हा छापण्याआधी निव्वळ वजन शून्याहून जास्त आहे का, हेही बघा.

---

काटा_आणि_कोड

काका, स्ट्रेस लावलं. पायथन स्क्रिप्ट बीडीएफशिवाय आणखी एक फाइल वाचते, जोडाक्षरं.टीएक्सटी. मीच तीन वर्षांपूर्वी लिहिलेली आणि साफ विसरलेली. "क्ष" आणि "त्र" त्यातूनच येतात. तक्त्याच्या सहीत आता तीन नावं आहेत.

एकाच नावाच्या दोन हेडर शोधल्या तर एक जोडी सापडली, प्रिंटर.एच. दोन फोल्डरमध्ये, आत जवळजवळ सारखंच. एकीचं नाव बदललं. टचची फट बुजवली. पावतीच्या फंक्शनला साइझऑफ दिला, आणि रात्रपाळी दादांची निव्वळ वजनाची अटही घातली. मग मुद्दाम जुन्या हेडरनं केलेली पावती.ओ जोडून पाहिली. स्क्रीनवर "नोंदीचा आकार जुळत नाही, पावती थांबवली" असं आलं आणि प्रिंटर गप्प राहिला. स्क्रिप्ट एकूण ३८ ओळींची झाली.

काल केबिनमध्ये गेले. तोच ट्रॅक्टर, तीच ट्रॉली, पण या वेळी नंबरापुढे खूण लावून. पावतीवर तेराच्या तेरा अक्षरं, भरलेलं २४,८४०, रिकामं ६,९४०, निव्वळ १७,९००, आणि शिरोळचा ळ खालपर्यंत पूर्ण. ड्रायव्हरनं स्क्रीन आणि कागद शेजारी धरून आकडे जुळवले. मी त्याला तसं करायला सांगितलं होतं.

सोमवारी दुसऱ्या काट्यावर स्क्रिप्ट टाकणार आहे. तिथला पीसी आणखी जुना आहे, जीसीसीची व्हर्जनही वेगळी आहे. म्हणून .ओ आणि .सही इथून काहीच नेणार नाही, फक्त सोर्स. सव्वाचार मिनिटांच्या जागी तिथे सहा लागतील, पण पहिली पूर्ण बिल्ड तिथेच करेन.